जपमाळेचे मणी आणि धातूचा अणू

सणाच्या दिवशी चर्चच्या सभागृहात मांडल्या जाणाऱ्या खुर्च्या, दवाखान्यात सिस्टरांच्या हातातील सिरिंज, नळाखाली ठेवलेली घागर, खताचे विणलेले पोते आणि काटोल-नरखेडकडील संत्र्यांच्या बागांतून झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी पोहोचविणारी काळी नळी, या पाच वस्तूंत साम्य कोणते, असे कोणी विचारले तर आपण सहज सांगू की त्या सर्व प्लॅस्टिकच्या आहेत. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. प्लॅस्टिक या एका शब्दाखाली आपण शेकडो पदार्थ एकत्र कोंबतो. वर सांगितलेल्या पाचही वस्तू एकाच कुळातील आहेत आणि १९५० सालापूर्वी त्यांतील एकही आज आहे तशी बनविता आली नसती. कच्चा माल तेव्हाही उपलब्ध होता. त्या कच्च्या मालाला शिस्त लावणारा धातूचा अणू मात्र माणसाला सापडला नव्हता.

ज्या १९५३ साली आपला नागपूर धर्मप्रांत महाधर्मप्रांत झाला, त्याच साली जर्मनीतील एका प्रयोगशाळेत हा अणू सापडला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु पहिली घटना आपल्या स्मरणिकांतून वारंवार येते आणि दुसरी कोठेच येत नाही. वास्तविक आपल्या घराघरांतील जीवन तिनेही बदलून टाकले आहे. म्हणून तिचा इतिहास धर्मग्रामातील कुटुंबांपुढे ठेवावा असे आम्हाला वाटले. या इतिहासात एक धर्मगुरू आहे, दोन मोठ्या माणसांचा रुसवा आहे, आपला महाराष्ट्र आहे, आणि शेवटी आपल्या सर्वांच्या दारात येऊन उभा राहिलेला एक प्रश्नही आहे.

माळ म्हणजे काय?

रसायनशास्त्राच्या मराठी ग्रंथांत या पदार्थांना ‘बहुवारिक’ म्हणतात. एकच लहान रेणू अनेक वार जोडला जाऊन जो प्रचंड रेणू तयार होतो, तो बहुवारिक. कापूस, रेशीम, लाकूड, रबराचा चीक हे परमेश्वराच्या सृष्टीतील बहुवारिकच होत. परंतु त्यांची रचना साखळीसारखी असते, ही गोष्ट विद्वानांनाही फार उशिरा पटली. हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली हे मत मांडले तेव्हा इतका लांब रेणू असूच शकत नाही, असे त्याला मोठमोठ्यांनी सुनावले. त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते पुन्हा त्याच १९५३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

आपल्या वाचकांना ही साखळी समजावून घेण्यासाठी दूर जावयास नको. हातातील रोझरी पुरे. एथिलीन नावाच्या वायूचा प्रत्येक रेणू म्हणजे एक मणी. असे हजारो मणी ओवले की पॉलिएथिलीन तयार होते. आता प्रोपिलीन हा दुसरा वायू घ्या. त्याच्या प्रत्येक मण्याला बाजूने एक लहानसे पदक लोंबते आहे, अशी कल्पना करा. माळ ओवताना सर्व पदके एकाच बाजूला ठेवता येतील, एक डावीकडे व एक उजवीकडे अशी आळीपाळीने ठेवता येतील, किंवा कशीही वेडीवाकडी पडू देता येतील. मणी तेच, दोरा तोच, संख्याही तीच. पण पहिल्या प्रकारची माळ दुसऱ्या माळेशेजारी नीट जुळून बसते. तिच्यापासून जो पदार्थ होतो तो कठीण असतो आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत वितळत नाही. तिसऱ्या प्रकारच्या माळा एकमेकींशी जुळत नाहीत. त्यांचा गोळा चिकट व मऊ राहतो. त्याची खुर्ची तर नाहीच, धड दोरीही होणार नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात संत थॉमस अक्वायनस यांच्या आधारे आम्हाला ‘द्रव्य’ आणि ‘रूप’ ही जोडी शिकविली गेली. केवळ द्रव्याने वस्तू वस्तू होत नाही, रूपाने होते, हे सूत्र तेव्हा पाठ झाले. संत थॉमस यांचा ‘रूप’ हा शब्द रेणूंच्या मांडणीपेक्षा फार खोल आहे, हे आम्ही जाणतो. तरीही एकाच प्रोपिलीनपासून एकीकडे चिकटा आणि दुसरीकडे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारी सिरिंज होते, हे पाहिले म्हणजे ते जुने सूत्र निराळ्या प्रकाशात उभे राहते.

मण्यांची ही पदके एकाच बाजूला ठेवणार कोण? माणसाची बोटे तेथे पोहोचत नाहीत. हे काम उत्प्रेरक करतो. ज्याच्या सान्निध्यात रासायनिक क्रिया घडते, पण जो स्वतः त्या क्रियेत खर्ची पडत नाही, तो उत्प्रेरक. ही कल्पना बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८३५ साली मांडली. शुभवर्तमानातील खमिराचा दृष्टान्त आपण सर्वांनी ऐकला आहे. चिमूटभर खमिराने मापेच्या मापे पीठ फुगते. पण येथे खमिराहून एक गोष्ट अधिक आहे: हा उत्प्रेरक पीठ नुसते फुगवीत नाही, तर भाकरीचा आकारही ठरवितो.

तांबे आणि एक धर्मगुरू

धातूच्या साहाय्याने रेणू जोडण्याच्या कामात पहिल्या पिढीत ज्यांचे नाव घ्यावे लागते, त्यांत एक कॅथलिक धर्मगुरू आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. फादर ज्युलियस न्यूलँड यांचा जन्म १८७८ साली बेल्जियममध्ये झाला. बालपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेस गेले, पवित्र क्रूस संघात दाखल झाले आणि १९०३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे नोत्र दाम विद्यापीठात त्यांनी आधी वनस्पतिशास्त्र आणि नंतर रसायनशास्त्र शिकविले. वेल्डिंगच्या दिव्यात जळणारा ॲसिटिलीन वायू हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता.

१९०६ साली तांब्याच्या क्षाराच्या द्रावणातून हा वायू सोडताना त्यांना एक अनोळखी वास आला. तो वास कशाचा, याचा शोध घेण्यात चौदा वर्षे गेली. १९२० च्या सुमारास उलगडा झाला: तांब्याच्या सान्निध्यात ॲसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जात होते. तीन जोडले की पिवळसर तेल मिळे, दोनांवरच थांबविले की एक वायू मिळे. १९२५ साली रॉचेस्टर येथील परिषदेत फादरांनी हे काम सांगितले, तेव्हा ड्यू पाँ कंपनीचे शास्त्रज्ञ श्रोत्यांत होते. त्या दोन रेणूंच्या जोडीपासून कंपनीने पुढे कृत्रिम रबर तयार केले आणि १९३१ साली ते जगापुढे आणले. तेच आजचे निओप्रीन. तेल लागले तरी न कुजणाऱ्या नळ्या आणि यंत्रांचे पट्टे यांसाठी ते आजही वापरले जाते.

फादर न्यूलँड यांनी दारिद्र्याचे व्रत घेतलेले होते. त्यामुळे शोधातून आलेले धन त्यांच्या विद्यापीठाकडे गेले. ते स्वतः १९३६ साली, वॉशिंग्टनमधील ज्या कॅथलिक विद्यापीठात शिकले होते तेथे भेटीस गेले असता, मरण पावले. त्यांच्या चरित्रात आणखी एक प्रसंग आहे व तो विसरता येत नाही. १९०४ सालच्या प्रबंधासाठी प्रयोग करताना त्यांच्या हातून ॲसिटिलीन व आर्सेनिक यांच्यापासून एक अत्यंत विषारी पदार्थ तयार झाला. त्याने ते स्वतः आजारी पडले आणि तो प्रयोग त्यांनी तेथेच सोडून दिला. परंतु लिहिलेले पान सोडून देता येत नाही. १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, त्या प्रबंधातील नोंदीवरून ‘ल्युइसाइट’ हा युद्धात वापरावयाचा विषारी पदार्थ बनविण्यात आला. एकाच वायूपासून, एकाच माणसाच्या अभ्यासातून, एका बाजूला रबर आणि दुसऱ्या बाजूला विष. ज्ञानाची ही दोन टोके या सगळ्या इतिहासात आपल्याला पुढेही भेटणार आहेत.

मुल्हाईम येथील निकेलचा कण

एथिलीनची माळ ओवण्यात प्रथम यश आले ते इंग्लंडमध्ये, १९३३ साली, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत. परंतु त्यासाठी वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाब द्यावा लागे. असा दाब सोसणारी पोलादी पात्रे फार महाग आणि धोक्याची. शिवाय त्या दांडगाईत माळेला जागोजागी फांद्या फुटत. फांद्यांच्या माळा एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून तो पदार्थ मऊ राही. पिशवीसाठी तो चांगला, पण घागरीसाठी नव्हे.

कार्ल झिगलर हे जर्मनीतील मुल्हाईम गावच्या कोळसा संशोधन संस्थेचे संचालक होते. १९४३ साली हे पद स्वीकारताना त्यांनी एकच अट घातली होती: कोळशाशी संबंध असो वा नसो, आम्हाला हवे ते संशोधन करू. कामठी, उमरेड, बल्लारपूर अशा कोळशाच्या खाणींच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपणांस ही अट धाडसाची वाटेल. संस्थेच्या पोशिंद्यांनी ती मान्य केली, हे त्यांचे मोठेपण.

झिगलर ॲल्युमिनियमच्या संयुगांवर एथिलीनचे रेणू एकेक करून जोडीत होते. एके दिवशी एका विद्यार्थ्याच्या पात्रात साखळी वाढण्याऐवजी दोन रेणू जोडले जाऊन क्रिया थांबली. असे का व्हावे? दुसऱ्या कोणी हा प्रयोग फसला म्हणून टाकून दिला असता. झिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पात्र तपासले, तेव्हा त्यात निकेलचा अल्पसा अंश राहिला होता असे आढळले. निकेल जर साखळी तोडतो, तर दुसरा एखादा धातू ती वाढवीतही असेल, या तर्काने त्यांनी एकामागून एक धातू तपासले. झिर्कोनियमने आशा दाखविली. टिटॅनियमने कमाल केली. १९५३ च्या अखेरीस टिटॅनियमचे क्लोराइड आणि ॲल्युमिनियमचे संयुग एकत्र करून त्यात एथिलीन सोडताच, नेहमीच्या हवेच्या दाबाला, साध्या काचेच्या पात्रात, पांढरी पूड साचू लागली. ही माळ सरळ होती, तिला फांद्या जवळजवळ नव्हत्या. म्हणूनच ती घट्ट, जड व टणक होती. जे काम हजारो वातावरणांच्या दाबाने नीट होत नव्हते, ते धातूच्या एका अणूने शांतपणे केले.

तो अणू हे काम कसे करतो? आपल्या डोक्यावरचा केस टोकाकडून वाढत नाही, मुळाकडून वाढतो. तसेच येथे घडते. साखळीचे मूळ धातूच्या अणूला जोडलेले असते. नवा मणी येतो, आधी धातूजवळ बसतो, मग धातू आणि साखळी यांच्या मधल्या जागेत शिरतो, आणि आधीची सारी साखळी एका मण्याने पुढे सरकते. प्रत्येक मणी एकाच दारातून आत येत असल्यामुळे त्या दाराची ठेवण जशी असेल, तशा बाजूने तो बसतो. या साऱ्या शास्त्राचा गाभा एवढाच आहे: दार बदला म्हणजे माळ बदलेल.

मिलानचा आनंद आणि रुसवा

झिगलर यांचा मिलान येथील मॉन्तेकातिनी कंपनीशी करार होता. त्या कराराप्रमाणे इटलीचे तरुण संशोधक मुल्हाईमला राहून काम शिकत होते आणि तेथील वार्ता प्राध्यापक जूलिओ नात्ता यांना मिळत होती. नात्ता यांनी एथिलीनऐवजी प्रोपिलीन घेतले. ११ मार्च १९५४ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत पॉलिप्रोपिलीन तयार झाले. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी त्याची रचना पाहिली, तेव्हा सर्व पदके एकाच बाजूला असलेली, मळसूत्राप्रमाणे वळत गेलेली माळ दिसली. निसर्गात वनस्पती आणि प्राणी जी शिस्त पाळतात, ती माणसाने प्रथमच कृत्रिम पदार्थात आणली होती. या तीन प्रकारच्या माळांना कोणती नावे द्यावीत, हा प्रश्न पडला तेव्हा नात्ता यांच्या साहित्यप्रेमी पत्नी रोझिता यांनी ग्रीक भाषेतून शब्द सुचविले: आयसोटॅक्टिक, सिंडिओटॅक्टिक आणि अटॅक्टिक. आजही जगभर तीच नावे चालतात.

परंतु नात्ता यांनी झिगलर यांना कळविण्यापूर्वीच स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला. काही महिन्यांनी झिगलर यांनी स्वतः प्रोपिलीनवर यश मिळविले, तेव्हा त्यांना कळले की मिलानकरांनी आधीच बाजी मारली आहे. ज्याला विश्वासाने घरात घेतले त्याने कपाट उघडले, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. उलट बाजूने पाहिले तर प्रोपिलीनच्या रचनेतील सौंदर्य ओळखण्याची दृष्टी नात्ता यांची होती, हेही खरे. १९६३ साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तोवर नात्ता यांना पार्किन्सनच्या व्याधीने ग्रासले होते आणि मुलाच्या व सहकाऱ्यांच्या आधाराने त्यांनी तो समारंभ पार पाडला. दोन नावे मात्र तेव्हापासून कायमची जोडली गेली. आज कोणताही विद्यार्थी ‘झिगलर-नात्ता उत्प्रेरक’ असाच शब्द उच्चारतो. दोघांमधील आडवी रेघ जोडणारी की तोडणारी, हे ज्याने त्याने ठरवावे.

या वादाला तिसरा पदरही होता. अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियम कंपनीच्या होगन आणि बँक्स या दोघांनी १९५१ सालीच वेगळ्या धातूंच्या उत्प्रेरकाने स्फटिकरूप पॉलिप्रोपिलीन मिळविले होते; त्यांच्या पुढच्या कामात क्रोमियमने एथिलीनची सरळ माळही ओवली. अमेरिकेतील न्यायालयीन लढाई तीस वर्षांच्या आसपास चालली आणि १९८३ साली तेथील स्वामित्वहक्क फिलिप्सला मिळाला. सत्य एकाच वेळी अनेक दारे ठोठावते, हेच खरे. श्रेय मात्र माणसाला एकट्याला हवे असते.

साचा घडविणारे

झिगलर आणि नात्ता यांचा उत्प्रेरक म्हणजे टिटॅनियमच्या क्षाराची पूड. तिच्या पृष्ठभागावर अनेक प्रकारची दारे असत. काही रुंद, काही अरुंद, काही वाकडी. त्यामुळे लहानमोठ्या माळा एकत्र मिळत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मॅग्नेशियम क्लोराइडवर टिटॅनियम पसरविण्याची युक्ती निघाली. तिने उत्प्रेरक इतका कार्यक्षम झाला की उरलेला धातू धुऊन काढण्याचीही गरज राहिली नाही. पॉलिप्रोपिलीन गरिबाच्या घरी पोहोचले ते या काटकसरीमुळे.

खरे ‘घडविणे’ सुरू झाले ते त्यानंतर. हॅम्बुर्ग येथे झिन आणि कामिन्स्की यांच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या मध्यावर असे लक्षात आले की ॲल्युमिनियमच्या संयुगात थोडे पाणी मिसळले तर उत्प्रेरक निकामी न होता उलट प्रचंड जोमाने काम करतो. पाणी हा या क्रियेचा शत्रू मानला जात होता! या जोडीला त्यांनी ‘मेटॅलोसिन’ घेतले: दोन पाचकोनी कड्यांच्या मध्ये भाकरीच्या दोन पदरांत सारण धरावे तसा धरलेला धातूचा एक अणू. येथे प्रत्येक अणूचे दार अगदी सारखे. मग कॉन्स्टान्झ येथील ब्रिन्ट्सिंगर यांनी ती दोन कडी एका पुलाने बांधून टाकली, जेणेकरून ती हलू नयेत. अमेरिकेत यूएन यांनी १९८४ साली आणि जर्मनीत कामिन्स्की-ब्रिन्ट्सिंगर यांनी १९८५ साली दाखवून दिले की कड्यांची ठेवण बदलली की पदकांची बाजू बदलते. १९९५ साली अमेरिकेतील ब्रूकहार्ट यांनी निकेल व पॅलेडियम या धातूंकडूनही लांब साखळी ओवून घेतली. साखळी तोडणारा म्हणून ज्या निकेलमुळे सारा इतिहास सुरू झाला, तोच निकेल भोवतीचा साचा बदलताच साखळी जोडणारा झाला! धातू वाईट नव्हता, त्याचे शेजार वेगळे होते. धर्मग्रामात काम करणाऱ्या कोणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

महाराष्ट्राच्या मातीत

हे सारे दूरदेशी घडत असताना आपण काय करीत होतो? झिगलर यांची पद्धत भारतात आली ती महाराष्ट्रातूनच. १९६८ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यात मफतलाल समूह आणि जर्मनीची हेक्स्ट कंपनी यांच्या भागीदारीतील पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज या कारखान्याने घट्ट पॉलिएथिलीनचे उत्पादन सुरू केले. पितळेच्या घागरीची जागा हलक्या, रंगीत घागरीने घेतली ती त्यानंतरच्या वर्षांत. विहिरीवरून दोन-दोन कोस पाणी आणणाऱ्या बायकांच्या मानेवरचे किती ओझे या बदलाने उतरले, याचा हिशेब कोणत्याही ग्रंथात मिळत नाही. पुढे १९९० च्या सुमारास सरकारी मालकीच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सचे संकुल रायगड जिल्ह्यात नागोठणे येथे उभे राहिले; २००७ साली ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली.

संशोधनाचे केंद्र होते पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी १९४७ साली तिची पायाभरणी केली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बाळ दत्तात्रेय टिळक, गोव्यातील माशेलचे सुपुत्र रघुनाथ माशेलकर अशा संचालकांच्या परंपरेत २००२ ते २०१० या काळात डॉ. स्वामिनाथन शिवराम हे संचालक झाले. त्यांनी बडोद्याला इंडियन पेट्रोकेमिकल्समध्ये उत्प्रेरकांवर काम केले होते. पुण्यात आल्यावर त्यांनी बहुवारिकांच्या रसायनशास्त्राची मोठी शाळा उभी केली आणि मेटॅलोसिनसारख्या नव्या उत्प्रेरकांचा अभ्यास येथे रुजविला. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच प्रयोगशाळेत आज डॉ. समीर चिक्कली यांचा गट पॅलेडियमसारख्या धातूंभोवती साचे घडवून एथिलीनच्या माळेत वेगळ्या जातीचे मणी ओवण्याचे काम करीत आहे.

आपल्या नागपूरचा वाटा मनुष्यबळाचा आहे. कामठीचे उद्योजक डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती विज्ञानशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठास दिली आणि तिच्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. तेल, रंग, कागद, प्लॅस्टिक अशा उद्योगांना तिने पिढ्यान्‌पिढ्या तंत्रज्ञ दिले. २०२३ साली तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्याने दान दिले त्याने यातील एकही कारखाना पाहिला नाही. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे शुभवर्तमानातील वचन येथेही खरे ठरले.

न तुटणारी माळ

या शोधाने माणसाचे भले झाले, हे नि:संकोच म्हटले पाहिजे. दवाखान्यातील निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात १२१ अंश तापमानाची वाफ असते. पॉलिप्रोपिलीन ती सोसते, कारण त्याच्या मण्यांची शिस्त १६५ अंशांपर्यंत मोडत नाही. शस्त्रक्रियेतील टाके याच पदार्थाच्या धाग्याचे असतात. १९६२ पासून इंग्लंडचे डॉ. चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्याची वाटी अतिलांब माळेच्या पॉलिएथिलीनची बनविली आणि असंख्य वृद्ध पुन्हा चालू लागले. जयपूरच्या प्रसिद्ध कृत्रिम पायाची नळी घट्ट पॉलिएथिलीनच्या पाइपपासून घडविली जाते. प्रभू येशूने लंगड्यांना चालविले. त्याच्या अनुयायांनी या नळीकडे तुच्छतेने पाहू नये.

पण ज्या गुणाने ही वस्तू उपयोगी, त्याच गुणाने ती संकटही झाली. माळ इतकी घट्ट ओवली गेली की निसर्गातील कोणत्याही जीवाला ती सहज सोडविता येत नाही. आज जगात दरवर्षी दहा कोटी टनांहून अधिक पॉलिएथिलीन बनते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा गटारे तुंबविणाऱ्या पिशव्यांकडे सर्वांची बोटे वळली. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने पिशव्यांवर व्यापक बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. नागपुरातील आपली ‘नीरी’ संस्था १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झाली होती. १९७४ साली तिच्या नावात पर्यावरण हा शब्द आला. पाण्याची चिंता पुढे साऱ्या परिसराची चिंता झाली, हे या नामांतरातच दिसते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रात फेकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले. त्यांचा रोख एखाद्या पदार्थापेक्षा मनोवृत्तीवर होता: वापरून फेकण्याची सवय वस्तूंपाशी थांबत नाही, ती वृद्धांपर्यंत, गरिबांपर्यंत, न जन्मलेल्या बालकांपर्यंत पोहोचते. आम्हाला वाटते, झिगलर-नात्तांच्या इतिहासाकडे या परिपत्राच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. सिरिंज आणि पिशवी यांच्या माळेत फारसा फरक नाही. एक जीव वाचविण्यासाठी बनते, दुसरी भाजी दहा मिनिटे नेण्यासाठी. शंभर वर्षे टिकणारी वस्तू दहा मिनिटांसाठी बनविणे, हा रसायनशास्त्राचा दोष नव्हे. तो आपल्या विवेकाचा आळस आहे.

समाधानाची गोष्ट ही की उत्प्रेरक घडविणाऱ्यांनीही हा प्रश्न आपला मानला आहे. २०२१ साली कॉन्स्टान्झ येथील मेकिंग यांच्या गटाने निकेलचा असा उत्प्रेरक घडविला, की जो एथिलीनच्या माळेत मधूनमधून ऑक्सिजनयुक्त असा वेगळा मणी ओवतो. माळेची ताकद तशीच राहते, पण सूर्यप्रकाशात त्या मण्यांपाशी ती तुटू शकते. पुण्यातील कामाची दिशाही याच प्रदेशातून जाते. म्हणजे सत्तर वर्षे धातूच्या अणूला माळ घट्ट ओवण्यास शिकविल्यानंतर आता माणूस त्याला ती योग्य जागी सैल सोडण्यास शिकवीत आहे. हे प्रयोग घरोघरी पोहोचावयास वेळ लागेल. काही कदाचित पोहोचणारही नाहीत.

तोवरचे काम प्रयोगशाळेत नव्हे, तर आपल्या स्वयंपाकघरात आणि चर्चच्या आवारात करावयाचे आहे. धर्मग्रामाच्या सणाला पत्रावळी असाव्यात की फेकावयाच्या ताटल्या, बाजारात जाताना कापडी पिशवी न्यावी की नाही, तुटलेली खुर्ची उकिरड्यावर टाकावी की भंगारवाल्याकडे द्यावी, हे निर्णय क्षुल्लक दिसतात. पण पॉलिप्रोपिलीन वितळवून पुन्हा घडविता येते, आणि भंगारवाल्याच्या गाडीवरून त्याचा दुसरा जन्म सुरू होतो. आपल्या शहरातील कचरा वेचणाऱ्या स्त्रिया या कामी आपल्या सर्वांपेक्षा अधिक करतात. फादर न्यूलँड यांना एका वासाचा उलगडा होण्यास चौदा वर्षे लागली, तरी त्यांनी तो प्रश्न सोडला नाही. आपल्यापुढचा प्रश्नही तेवढ्याच चिकाटीने धरला पाहिजे.